बंबपुराण

लहानपणी आमच्या आयुष्यात दोन बंब होते. एक न्हाणीघरात आणि दुसरा नगरपालिकेत. न्हाणीघरातला तांब्याचा होता. त्याच्या पोटात बंबफोड आणि गोवऱ्या सारल्या की तोटीतून कढत पाणी यायचं. नगरपालिकेतला लोखंडाचा आणि लाल. पहिल्यात आग घालून पाणी काढायचं आणि दुसऱ्यात पाणी घालून आग विझवायची, असा दोघांचा परस्परविरुद्ध व्यवहार. तरीही एका बाबतीत ते सख्खे भाऊ शोभले असते. दोघेही गळायचे. घरातला बंब गळायला लागला की आई तो तांबटाकडे पाठवायची. नगरपालिकेला आई नव्हती.

दोघांचं आडनाव एक कसं, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं. पुढे कळलं की हा शब्द पोर्तुगीजांनी आणला. त्यांच्या भाषेत 'बोंबा' म्हणजे पंप. पोर्तुगालात आग विझवणाऱ्याला अजूनही 'बोंबेइरो' म्हणतात. आपल्याकडे आग लागली की आधी बोंब होते आणि मग बंब येतो, त्यामुळे हे दोन शब्द एकाच घरातले असावेत अशी माझी पुष्कळ दिवस समजूत होती. भाषाशास्त्रात ती बसत नाही. अनुभवात मात्र चपखल बसते.

बंबावर आपल्या भाषेत म्हण आहे ती एकच, आणि तीही बदनामीची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. काही लोक ती उलटी म्हणतात, म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. आग नक्की कुठे लागली याबद्दल म्हणीतच जर मतभेद आहेत, तर बिचाऱ्या बंबानं जावं तरी कुठे?

आमच्या गावचा बंब लढाईच्या वेळच्या लिलावातून आला होता, असं म्हणत. लढाई कुठली, याबद्दल मात्र दुमत होतं. तो सुरू करायला पुढून हँडल मारावं लागे, आणि हँडल हरल्यावर मागून ढकलावं लागे. हे ढकलण्याचं काम आम्हा शाळकरी पोरांकडे होतं. बंबाची कामं पुष्कळ. मंत्री यायचे असले की रस्त्यावर पाणी मारणं, बड्यांच्या घरच्या लग्नात हौद भरून देणं, पंधरा ऑगस्टच्या मिरवणुकीत नगराध्यक्षांना मिरवणं. आग विझवणं हा त्याचा जोडधंदा होता.

या बंबाचं सर्वस्व म्हणजे बंबवाले मामा. ड्रायव्हर तेच, फायरमन तेच आणि बंबावरची पितळी घंटा चिंचेनं घासून लखलखीत करणारेही तेच. सगळ्या बंबात ती घंटा तेवढी चालू स्थितीत होती.

साठेक वर्षांपूर्वी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आग लागली. खाली किराणा दुकान, दुकानात रॉकेलचे डबे आणि माडीवर माणसं राहायची. विहिरीपासून दुकानापर्यंत कळश्या-बादल्यांची रांग लागली. मीही त्या रांगेत होतो. माझ्या हातात पोचेपर्यंत बादलीत अर्धंच पाणी उरायचं आणि माझ्या हातून पुढे जाईपर्यंत पाव. तेवढ्यात घंटा वाजली. बंब आला. म्हणजे चार माणसांनी ढकलत आणला. मामांनी खाली उडी मारली, होजपाइप सोडला, जोडला, पंप सुरू केला. आणि पाणी नळीच्या तोंडातून येण्याऐवजी जोडातून चारी दिशांना कारंज्यासारखं उडालं. जोडातला वॉशरच नव्हता! आगीवर थेंब पडला नाही, पण बघायला जमलेली दोनशे माणसं चिंब झाली. समोर घर जळत असताना सगळी गल्ली हसत सुटली.

ही गोष्ट मी आजवर शंभर बैठकींत तरी सांगितली असेल. हशा इथंच येतो, आणि मी इथंच थांबत आलो.

मध्यंतरी पुतण्याकडे अमेरिकेत गेलो होतो. तो पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा गावात राहतो. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो. एका रात्री जेवताना त्याच्या कमरेला लावलेली डबी किंचाळली आणि हा पठ्ठ्या हातातला वरणभात टाकून, पायांत बूट सरकवत गाडी घेऊन पसार झाला. दोन तासांनी परत आला तो धुराचा वास घेऊन. मी सूनबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "काका, त्यांना आगीचं वेड आहे."

पुतण्या गावच्या अग्निशमन दलात होता, आणि तेही फुकट! त्या देशात आग विझवणाऱ्या दर तीन माणसांपैकी साधारण दोघं अशी बिनपगारी आहेत. लहान गावांत तर बहुतेक दलं अशीच चालतात. दिवसा कुणी सुतार असतो, कुणी शाळामास्तर, कुणी विमा विकणारा. आगीची वर्दी आली की सगळे लाल गाडीवर.

"आणि गाडीचे पैसे?" मी विचारलं.

"थोडे सरकार देतं काका, बाकीचे आम्ही जमवतो. परवा रविवारी पॅनकेकचा नाश्ता आहे. मी तव्यावर आहे."

म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर गावजेवणात धिरडी घालून वर्गणी जमवायची आणि त्यातून बंब घ्यायचा. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. हे तर गणेशोत्सव मंडळच झालं की! फरक इतकाच, की मूर्तीच्या जागी बंब, आणि त्याचं विसर्जन करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला बंबाचं घर दाखवायला नेलं. दारातच काचेच्या पेटीत एक कातड्याची बादली होती. तिच्यापाशी पुतण्यानं मला उभं केलं आणि आगीचा इतिहास सुरू केला. त्यानं सांगितलेलं, आणि मग घरी येऊन मी त्याच्या कपाटातल्या पुस्तकांतून वाचलेलं, असं दोन्ही मिळून हे बंबपुराण.

पंपाची कल्पना अलेक्झांड्रियाच्या टेसिबियस नावाच्या माणसाची. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली. हा न्हाव्याचा मुलगा. त्यानं दोन नळकांड्यांचा दट्ट्याचा पंप केला. रोमच्या ऑगस्टस बादशहानं इसवी सन ६ मध्ये पगारी पहारेकऱ्यांच्या सात पलटणी उभ्या करून त्यांना आगीच्या कामाला लावलं. लोकांनी मात्र या शूर पलटणींना नाव ठेवलं 'बादलीवाले'. आग विझवणाऱ्यांना हसण्याची चाल इतकी जुनी आहे, हे वाचून मला जरा बरं वाटलं.

पुढे जग पंप बहुतेक विसरलं आणि पुन्हा बादलीवर आलं. १६६६ साली लंडन जळलं तेव्हा तिथे होत्या कातडी बादल्या, घरं ओढून पाडायच्या लांब दांड्याच्या आकड्या आणि पितळी पिचकाऱ्या. दोघांनी दोन बाजूंनी पिचकारी धरायची आणि तिसऱ्यानं दट्ट्या दाबायचा. रंगपंचमीला आपण याहून बरी तयारी ठेवतो. तेरा हजारांवर घरं गेली. आपणही फार हसायला नको. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ साली पेटला तो सात दिवस जळत होता म्हणतात.

खरी अक्कल चालवली ती ॲमस्टरडॅमच्या एका चित्रकारानं. यान व्हान डर हेडन. हा शहराची चित्रं काढायचा, आणि इतकी बारीक, की भिंतीतली वीट न् वीट मोजून घ्यावी. ज्यानं एवढ्या विटा रंगवल्या त्याला त्या जळालेल्या कशा बघवतील? १६७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यानं आणि त्याच्या भावानं मिळून पंपाला कातड्याची शिवलेली लांब नळी जोडली. तोवर बंब आगीसमोर उभा करून लांबून पाणी फेकत. आता नळी हातात धरून माणूस आगीपर्यंत जाऊ लागला. आमच्या मळ्यातल्या सोंडेच्या मोटेकडे पाहून ही युक्ती कुणालाही सुचली असती. पण मोट आमच्याकडे होती आणि चित्रकार तिकडे. याच माणसानं ॲमस्टरडॅमच्या रस्त्यांवर तेलाचे दिवेही लावले. म्हणजे शहर पेटवायचं आणि विझवायचं, दोन्ही खाती एकाकडेच.

कातडी नळीची शिवण मात्र उसवायची. तिला वरचेवर तेल-चरबी चोळावी लागे. १८०७ च्या सुमारास फिलाडेल्फियात शिवणीऐवजी तांब्याचे रिव्हेट ठोकायची युक्ती निघाली, तेव्हा कुठे ती नळी जोरदार पाणी सोसू लागली.

या फिलाडेल्फियातच बेंजामिन फ्रँकलिननं १७३६ च्या डिसेंबरात तीसेक शेजारी जमवून आगीची मंडळी काढली. युनियन फायर कंपनी. त्याच्या आदल्या वर्षी त्यानं एका म्हाताऱ्याच्या नावानं आपल्याच छापखान्यातल्या वर्तमानपत्रात पत्र छापून लोकांना समज दिली होती, की निखारे फावड्यावर घेऊन या खोलीतून त्या खोलीत जाताना सांभाळा. आमच्या गल्लीत शेजारणीकडून विस्तव आणताना आजी हेच सांगायची, पण तिला छापखाना नव्हता. फ्रँकलिनच्या मंडळींचा नियम असा, की प्रत्येकानं ठरावीक कातडी बादल्या आणि सामान भरून बाहेर काढायला बळकट पिशव्या-टोपल्या स्वखर्चानं घरात तयार ठेवायच्या. महिन्याच्या सभेला जो येणार नाही त्याला दंड, आणि त्या दंडाच्या पैशांतून बंब, शिड्या आणि आकड्या घ्यायच्या. हे वाचून मी आमच्या सोसायटीच्या सभांचा हिशेब केला. गेल्या दहा वर्षांतल्या गैरहजेरीवर आमचे दोन बंब तरी सहज झाले असते.

त्या वेळचा बंब म्हणजे न्यूशम नावाच्या लंडनच्या कारागिराचा. हा मूळचा शिंपल्यांची बटणं करणारा. त्यानं १७२१ साली बंबाचं पेटंट घेतलं. चाकांवर लांबट लाकडी हौद, दोन्ही बाजूंना लांब दांडे आणि ते वरखाली करायला माणसांच्या दोन रांगा. न्यूयॉर्कनं १७३१ साली असे दोन मागवले. हौदात पाणी मात्र बादल्यांनीच ओतायचं. बंब आला तरी बादलीची रांग काही सुटली नाही. त्या दांड्यांवर माणूस काही मिनिटांत घामाघूम व्हायचा, म्हणून गाव सगळं लागायचं. यातून जागोजागी कंपन्या निघाल्या, आणि कंपन्या म्हटल्या की भांडणं आली. आग राहायची बाजूला आणि आधी कोण पोचलं, नळाचा ताबा कुणाचा, यावर मारामाऱ्या. एक कंपनी पिंप घेऊन एका गड्याला पुढे पाठवायची. त्यानं रस्त्यातल्या नळावर पिंप उपडं घालायचं आणि आपला बंब येईपर्यंत त्यावर बसून राहायचं. पोहे खाऊन निघालेली आपली मंडळं विसर्जनाच्या रांगेत काय करतात, ते ज्यानं पाहिलं आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

या भांडणांना सिनसिनाटी शहर कंटाळलं. तिथे वाफेवर चालणारा पंप तयार झाला, आणि १ एप्रिल १८५३ पासून शहरानं पगारी दल नेमलं. वाफेला भांडता येत नाही, हा तिचा मोठाच गुण. पण यंत्र इतकं जड, की ओढायला घोडे आले. घोड्यांनी मात्र कमाल केली. छतातून तयार सामान लोंबकळत ठेवायचे. घंटा झाली की घोडा आपण होऊन त्याच्याखाली येऊन उभा राहायचा, वरून साज पडायचा आणि काही सेकंदांत बंब रस्त्यावर. वरातीमागून घोडं ही म्हण त्या देशात निघणं शक्यच नव्हतं. घोड्यांच्या बरोबरीनं काळ्या ठिपक्यांची डाल्मेशियन कुत्री धावायची. न्यूयॉर्कात शेवटचा घोड्यांचा बंब १९२२ च्या डिसेंबरात धावला. कुत्री मात्र अजून बंबावर बसून मिरवणुकीत असतात. घोडा कामाला असतो म्हणून रिटायर होतो. कुत्र्याला नेमून दिलेलं काम नसल्यामुळे त्याची नोकरी टिकते. हा नियम आपल्याही कचेऱ्यांत आहे.

माडीवर झोपलेल्या माणसांनी लवकर खाली यावं म्हणून शिकागोच्या एका ठाण्यात कॅप्टन डेव्हिड केनियननं १८७८ साली माडीला भोक पाडून गुळगुळीत खांब बसवला. त्या ठाण्यातले सगळे जवान कृष्णवर्णीय होते. आजूबाजूची ठाणी आधी त्यांना हसली. पण हे आगीवर पहिले पोचायला लागल्यावर सगळ्यांनी खांब बसवले. मला आमच्या व्यायामशाळेतला मल्लखांब आठवला. आमच्याकडे खांबावर चढण्याची विद्या निघाली, तिकडे उतरण्याची. चढलेला माणूस उतरायला आमच्याकडे पूर्वीपासूनच नाखूश.

लहान गावांचे दिवस खरे पालटले ते मोटारीनं. घोड्यांना बारा महिने दाणावैरण लागते. मोटारीला आग नसेल त्या दिवशी काहीच लागत नाही. आणि ही सुरुवात न्यूयॉर्क-शिकागोत न होता पुतण्याच्याच राज्यातल्या वेन नावाच्या लहान गावी झाली. तिथल्या रॅडनर फायर कंपनीनं १९०६ साली वॉटरस कारखान्याचा पेट्रोलवर चालणारा बंब घेतला. त्याला इंजिनं दोन होती. एक गाडी ओढायला आणि दुसरं पाणी फेकायला. पुढच्याच वर्षी दोन्ही कामं एका इंजिनावर आली. आमच्या बंबालाही एकच इंजिन होतं, पण ते दोन्ही कामं आमच्यावर टाकायचं.

पुतण्याच्या ठाण्यात गाड्या तीन. एक मुख्य बंब, एक रानातला वणवा विझवायची छोटी गाडी आणि तिसरा टँकर. टँकर पाहून मला गहिवरून आलं. गावाबाहेरच्या घरांना नळ नाही, म्हणून हा टँकर पाणी नेतो. रस्त्यात ताडपत्रीसारख्या कापडाचा घडीचा हौद उभा करतात, टँकर त्यात पाणी ओततो आणि तळ्याकडे परत धावतो. बंब त्या हौदातून पाणी ओढतो. मी म्हटलं, "बाबा रे, मराठवाड्यातलं कुठलंही गाव तुम्हाला यात शिकवणी देईल." फक्त आमच्याकडे हौदाभोवती हंड्यांची रांग लागते.

भिंतीवर हत्यारं टांगलेली होती. त्यात एक पहारीसारखं होतं. एका टोकाला चिमट्यासारखी फाट, दुसऱ्या टोकाला चपटं पातं आणि अणकुचीदार चोच. याचं नाव हॅलिगन. न्यूयॉर्कच्या ह्यू हॅलिगन नावाच्या आगवाल्यानं १९४८ च्या सुमारास केलेलं. कुठलंही दार यानं उघडतं. चोरांच्या हातात ते पडू नये म्हणून मी दोनदा कुलपाची चौकशी केली.

मग पुतण्यानं एक पितळी जोड माझ्या हातात दिला आणि बाल्टिमोरची हकिगत सांगितली. ७ फेब्रुवारी १९०४ ला बाल्टिमोर पेटलं. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कपासून बंब आगगाडीत घालून धावत आले. आले आणि उभे राहिले. कारण त्यांच्या होजपाइपांचे आटे बाल्टिमोरच्या नळांना बसेनात! प्रत्येक गावाचा आटा निराळा. देशभर चौकशी केली तेव्हा सहाशेवर तऱ्हा निघाल्या. पंधराशेवर इमारती जळाल्या. त्यानंतर सगळ्या देशासाठी एक माप ठरलं. अडीच इंची जोड आणि इंचाला साडेसात आटे.

"म्हणजे काका, तुमच्या वॉशरसारखंच," पुतण्या हसत म्हणाला. माझी गोष्ट त्याला पाठ होती.

मी हसलो नाही. मला तो जोड हातात जड लागायला लागला.

शेवटी त्यानं पाठीवरचं हवेचं नळकांडं आणि मुखवटा दाखवला. त्याआधीची गोष्ट गॅरेट मॉर्गनची. क्लीव्हलंडच्या या कृष्णवर्णीय माणसानं डोक्यावरून घालायची एक टोपी केली आणि १९१४ साली तिचं पेटंट घेतलं. टोपीची नळी पार जमिनीपर्यंत लोंबायची. धूर वर चढतो आणि श्वास घेण्याजोगी हवा खाली उरते, हे त्यानं हेरलं होतं. १९१६ साली तळ्याखालच्या बोगद्यात स्फोट झाला, तेव्हा ती टोपी घालून तो स्वतः आत उतरला आणि माणसं बाहेर काढली.

"आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात," पुतण्या म्हणाला. "धुरात उभं राहायचं नाही. भिंत धरून रांगत जायचं."

तेव्हा मी त्या ठाण्यातल्या बाकावर बसलो आणि पुतण्याला गोष्टीचा पुढचा भाग सांगितला. आजवर कुणाला सांगितला नव्हता.

गल्ली हसत होती तेव्हा माडीवरून कुणीतरी ओरडलं, की म्हातारी आत आहे. दुकानदाराची आई. मामांनी नळी टाकली. दुकानासमोरचं गोणपाट माझ्याच बादलीत बुडवून डोक्यावर घेतलं, ओलं उपरणं नाकातोंडाला बांधलं आणि जिन्यावर ते चक्क पालथे पडले. आम्हाला वाटलं, घसरले. त्यावरही दोघं-चौघं हसले. ते रांगत वर गेले. बऱ्याच वेळानं म्हातारीला तिच्याच गोधडीवरून ओढत खाली घेऊन आले. म्हातारी वाचली. पुढे सात-आठ वर्षं तिनं आम्हाला पोरांना शिव्या दिल्या. मामांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. ते बरे होईपर्यंतचे दिवस नगरपालिकेनं बिनपगारी रजेत धरले. मग चौकशी झाली. दप्तरात मामांनी दिलेले तीन अर्ज निघाले. तिन्हींत मागणी एकच. होजपाइपाच्या जोडाकरता रबरी वॉशर.

पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, हे तुम्ही कधीच सांगितलं नाहीत."

"यावर हशा येत नाही रे," मी म्हटलं.

त्यानं उठून एक खण उघडला. खण वॉशरांनी भरलेला होता. एकाची किंमत विचारली, तर ठाण्यातल्या यंत्रातल्या कॉफीपेक्षा कमी निघाली. त्यानं एक माझ्या हातावर ठेवला. विमानतळावर तपासणाऱ्यानं तो उलटसुलट करून पाहिला आणि हे काय म्हणून विचारलं. बंबाचं आहे, असं मी मराठीतच सांगितलं.

आता बैठकीत बंबाची गोष्ट निघाली की मी वॉशरपाशी थांबत नाही. पुढचंही सांगतो. हशा कमी पडतो. चालायचंच.